रेडिओची पाळी

आमच्याकडे एका विहिरीत चार-पाच घरांचा वाटा असतो आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी, त्याची मोट. पाळी कुठे लिहून ठेवलेली नसते, पण लेकराबाळांनाही ती पाठ असते. एखाद्याच्या घरी अडचण असली तर दुसरा म्हणतो, "आज माही पाळी तू घे," आणि तेवढ्यावर काम होतं. ज्याला जमीन नाही, त्याला अर्थातच पाळी नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही कधी वाटलं नव्हतं.

पाटलांच्या घरी रेडिओ आला तेव्हा त्यांनी त्यालाही पाळी लावली. मी त्या वेळी अमरावतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि नाताळच्या सुट्टीत घरी आलो होतो. आमचं गाव उंद्रीच्या अलीकडे, खामगावच्या सडकेपासून थोडं आत. वीज नव्हतीच. रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी भरून आणायला खामगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पाठवावी लागे. पाटलांच्या गड्याने ती बैलगाडीत कुटारात, म्हणजे भुशात, रोवून आणली होती, तान्ह्या पोराला आणावं तशी. एकदा भरली की किती चालेल हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण रेडिओ येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. म्हणून पाटलांनी त्या रविवारसाठी वाटण्या केल्या. सकाळी गाणं, ती पाटलांची पाळी. दुपारी मुंबईचा क्रिकेटचा सामना, ती तरण्या पोरांची. दिवेलागणीला नागपूरहून पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, अळीबद्दल भाषण होणार होतं, ती शेतकऱ्यांची. आणि मग बंद.

माझी अडचण त्या "मग बंद"मध्ये होती.

सुट्टीला निघायच्या आधी अमरावतीत माझ्या खोलीवर आमच्या गावचा एक जण आला होता. आमच्या शेजारच्या पिंजारी चाचांचा मुलगा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. लहानपणी तो तेलाच्या डब्यावर, घागरीवर, जे सापडेल त्यावर ठेका धरायचा. पुढे तबला शिकायला नागपूरला गेला. चाचांनी त्याला अडवलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. त्याच्यासाठी घेतलेली दुसरी पिंजण, कापूस पिंजायची ती मोठी धनुष्यासारखी, त्यांनी खुंटीला टांगून ठेवली, ती तशीच. मुलगा दर ईदेला घरी यायचा, चार दिवस राहायचा, गाद्या भरू लागायचा. पण तबला कधी बरोबर आणायचा नाही. वडिलांसमोर कसा वाजवायचा, असं त्याला वाटत असावं. त्यामुळे त्याला वाजवताना चाचांनी कधी ऐकलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"अब्बाले सांगजो," तो मला म्हणाला होता. "येत्या रविवारी नागपूर रेडिओवर हाय मी. शेतीचं भाषण झालं का लगेच गाणं हाय. गाणारे मोठे हायत, मी नुसता साथीले. पण सांगजो."

मी सांगितलं. चाचा अंगणात कापूस पिंजत बसले होते. त्यांची दाढी आणि कापूस यांत फरक कळत नव्हता. माझं ऐकून घेतलं, पण पिंजणीच्या तांतीवरचा हात थांबला नाही. तांत वाजत राहिली. मग पिंजता पिंजताच म्हणाले, "रेडिओ त पाटलाच्या घरी हाय."

"मी विचारतो पाटलांना," मी म्हणालो.

"नको इचारू. त्याहिचं त्याहिच्याजवळ बरं."

पण त्यांनी मला गूळ घातलेला चहा दिला आणि मी उठताना पुन्हा विचारलं, "दिवेलागणीले म्हनला ना?"

पाटलांना विचारायचं मी दोन दिवस मनात घोकत होतो. मी तसा बोलण्यात कच्चा. कॉलेजात प्रोफेसरांनी हजेरी घेतली तरी माझा आवाज बाहेर येत नसे. घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे मोठ्या लोकांशी काम कसं काढायचं हे मला शिकवणारं कोणी नव्हतं. शनिवारी मी पाटलांच्या दारापर्यंत गेलो, गोठ्यातल्या वासराची चौकशी केली आणि परत आलो.

रविवारी सकाळी पाटलांच्या ओसरीत रेडिओ टेबलावर मांडला होता. त्याची तार घरावरच्या बांबूपासून निंबाच्या झाडापर्यंत ताणलेली होती. गडी कावळे हाकलत होता, कारण तारेवर कावळा बसला की आवाज बिघडतो अशी कोणीतरी बातमी आणली होती. तरटावर माणसं बसली होती. माझे बाबाही होते. कापसाच्या वेचणीचा एक फेर नुकताच आटोपला होता, म्हणून सगळ्यांना थोडी फुरसत होती.

पाटलांनी काटा फिरवला. खरखर, मग शिट्टीसारखं काहीतरी, मग एकदम तंबोऱ्याचा आवाज. कोणीतरी पुरुष अगदी सावकाश आलाप घेत होते. बराच वेळ गेला. माझ्यामागून एकाने हळूच विचारलं, "याचे शब्द कवा येतीन?"

"येतीन बे, जागा करून राह्यला तो."

"इतकी जागा? गाडी वळवाची हाय का त्याले?"

पाटील डोळे मिटून मान हलवत होते. त्यांना त्यातलं कळत होतं का, हे मला सांगता येणार नाही. मला कळत नव्हतं. पण त्या सकाळी ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं, कोणाला कुठे जायची घाई नव्हती आणि तो आवाज विहिरीत पाणी भरत यावं तसा हळूहळू वर येत होता. मला फार बरं वाटत होतं, एवढं आठवतं.

मग तबला सुरू झाला आणि मी दाराकडे पाहिलं. चाचा बाहेरच्या पायरीशी उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेलो.

"हे तबकडीत भरून ठेवलेलं हाय का आत्ताचं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताचं, चाचा. आत्ता तिकडे बसून गात आहेत."

"वाजवनाराही आत्ताच वाजवून राह्यला?"

"हो."

"हं," ते म्हणाले. गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग काम आहे म्हणून गेले.

दुपारी माझी खरी परीक्षा होती. सामन्याचं वर्णन इंग्रजीत येणार आणि गावात इंग्रजी समजणारा मी एकटा, असं बाबांनी रेडिओ आल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाटलांनी माझ्यासाठी रेडिओजवळ खुर्ची ठेवली. बाबा खाली तरटावर. मी खुर्चीत नीट बसूच शकत नव्हतो, अर्धा टेकून बसलो. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते लोकांकडे पाहत होते.

मी क्रिकेट कॉलेजात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. निवेदक वाऱ्याच्या वेगाने बोलायचा. त्यातलं मला निम्मं कळायचं, त्यातलं निम्मं मराठीत यायचं.

"तो... धावत आला. चेंडू टाकला. याने मारला नाही."

"काऊन नाही मारला?"

"सोडून दिला."

"मंग तो धावत आला कायले इतका दुरून?"

"कालेजवाले, रन सांग, रन!"

"एक पण नाही."

"सकाळपासून?"

एका म्हाताऱ्याचं मत पडलं की यापेक्षा आपला शंकरपट बरा. बैलजोडी सुटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल. पण पोरांना गोडी लागली होती. आपल्या बाजूचा एक खेळाडू टिकून खेळत होता आणि त्याच्या प्रत्येक धावेला ओसरी दणाणत होती. माझाही आवाज जरा मोकळा झाला. चौकार गेला तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो आणि मलाच नवल वाटलं.

मग निवेदकाने सांगितलं की खेळाडू जेवायला गेले.

"जेवाले?" पाटील खूश झाले. "हे बरं हाय. बंद कर रे तो. बॅटरी वाचीन. चला, आपनही जेवून घेऊ."

पाटलांकडचं जेवण म्हणजे रीतसर पंगत. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच बसवलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, तिळाची चटणी, वर ताक. पंगतीत एक रीत आमच्याकडे सगळेच पाळतात: शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. शेवटचा माणूस म्हणजे एक पोक्त काका. त्यांना दात नव्हते आणि ते भाकरी ताकात कुस्करून शांतपणे जेवत होते. त्यांच्याकडे पाहत सगळे बसून राहिले. कोणी घाई केली नाही. मग सुपारी झाली. मग पाटील जरा आडवे झाले.

मला मधे वाटलं होतं की तिकडे खेळ सुरू झाला असेल. पण खात्री नव्हती. आणि पाटील आडवे झालेले.

रेडिओ पुन्हा लावला तेव्हा आपला तो खेळाडू बाद झालेला होता. त्याच्यामागून आणखी एक गेला होता. मी सांगितलं तसा सगळ्यांचा चेहरा उतरला.

"कवा झाला बाद?" पाटलांनी विचारलं.

"आपण जेवत होतो तेव्हा."

"आपन जेवतच होतो त त्याहिनं सुरू कसा केला?" पाटील खरोखर रागावले होते. "सगळ्याहिचं होऊ द्याव का नाही? ही कोनती रीत? तबकडीच्या बाज्याची पिन उचलली का गानं जागच्या जागी राह्यते. पुन्हा ठेवली का तिथूनच."

"हा बाजा नाही, पाटील," मी म्हणालो. "हा थांबत नाही. आपण बंद केला तरी तिकडे चालूच राहतो."

"आपन नसलो तरी?"

"हो."

मला वाटतं तोपर्यंत आमच्यापैकी कोणीच ही गोष्ट नीट मनात घेतली नव्हती. मीसुद्धा. ते दात नसलेले काका म्हणाले, "मायामुळे झाला बाद गडी," आणि सगळे हसले. पण पोरांनी मग ठरवलं की आता काही झालं तरी बंद करायचा नाही. चहाच्या सुट्टीत निवेदक गेला तरी रेडिओ नुसता खरखरत ठेवला. तो रागही असेल, किंवा पुन्हा फसायचं नाही ही जिद्द.

ऊन कलल्यावर आवाज बारीक व्हायला लागला. आधी मला वाटलं माझे कान थकले. मग सगळेच रेडिओकडे सरकले. बॅटरी उतरत होती. सामना तर रंगला होता, दिवसाचा खेळ संपायला आणखी वेळ होता, आणि पोरं म्हणत होती, "मोठ्यानं सांगा, मोठ्यानं!" मी सांगत होतो, पण माझं लक्ष उडालं होतं. ओसरीतल्या घड्याळाकडे मी सारखा पाहत होतो. अजून भाषण व्हायचं, मग गाणं. एवढं या बॅटरीत कुठून येणार? अशीच राहिली तर चाचांची वेळ येण्याआधीच सगळं संपेल. दोन दिवस मी बोललो नव्हतो. आता नाही बोललो तर पुन्हा बोलण्यात काही अर्थ नव्हता.

मी खुर्चीतून उठलो. "बंद करा," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की गड्यानेच घाबरून बटण फिरवलं.

"का झालं बे?" पोरं उसळली. "आत्ताच कुठं—"

मी पाटलांना सांगितलं. थोडं उलटसुलट सांगितलं असेल. चाचांचा मुलगा, नागपूर, भाषणानंतरचं गाणं, चाचांनी त्याला कधी ऐकलेलं नाही, आणि हा रेडिओ थांबत नाही.

पाटील माझ्याकडे पाहत राहिले. "हे तू आत्ता सांगून राह्यला?"

"हो."

"सकाळी जीभ कुठं होती? इंग्रजीत अडकली होती का?"

लोक हसले. पण पाटील रागाने बोलले नव्हते. त्यांनी बॅटरीला हात लावून पाहिला, जशी काही ती त्यांना किती उरली ते सांगणार होती. "दोन्ही नाही व्हनार," ते म्हणाले. "भाषन झालं का गान्याले काही उरनार नाही. आन् ती पाळी शेतकऱ्याहिची हाय. मी कसा देऊ? ज्याची पाळी त्यानं बोलाव."

सगळे शेतकरी बाबांकडे पाहू लागले. त्या वर्षी आमच्या पऱ्हाटीवर अळी जास्त होती आणि त्या भाषणासाठी बाबाच सगळ्यांना गोळा करून आले होते. नागपूरचा साहेब काय औषध सांगतो ते ऐकून मी उतरवून घ्यायचं, असंही त्यांनी मला बजावलं होतं. बाबांनी डोक्यावरचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. विचार करताना ते तसं करत.

"अळी कुठं जात नाही," ते म्हणाले. "थे उद्याही पऱ्हाटीवरच हाय. चाच्याचं पोरगं उद्या नाही वाजवनार." मग बाकीच्यांकडे वळून, "आपली पाळी चाच्याले देली. हाव ना?"

"हाव," दोघं-तिघं म्हणाले.

"हाव, पन सामना?" एक पोरगा म्हणाला.

"सामना पेपरात येईन, बे. तबला येते का पेपरात?"

चाचांना बोलवायला मीच गेलो. ते अंगणातच होते, हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून, खाटेवर नुसते बसलेले. कुठे जायचं नसताना. मी म्हणालो, "चाचा, तुमची पाळी आहे." ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

पाटलांनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. ते नको नको म्हणत होते. शेवटी बसले, तेही माझ्यासारखेच अर्धे टेकून. मी बाबांजवळ तरटावर बसलो. तिथे मला बरं वाटलं.

मग आम्ही अंधारात थांबलो. रेडिओ बंद, कंदील लावलेला, आणि पंधरा-वीस माणसं घड्याळाकडे पाहत गप्प. तिकडे नागपूरचा साहेब अळीबद्दल बोलत असणार, आणि इकडे ज्यांच्या शेतात ती अळी होती ते त्याला बोलू देत होते. कोणीतरी कुजबुजलं, "आत्ता औषध सांगत असन." दुसरा म्हणाला, "सांगू दे. पैसे कुठं हायत आनाले." हसू दाबलं गेलं.

मी खूण केली. गड्याने बटण फिरवलं. काही क्षण काहीच नाही. मग फार लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, निवेदकाचा आवाज. गाणाऱ्याचं नाव, मग साथीदारांची. चाचांच्या मुलाचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी एकदम चाचांकडे पाहिलं. चाचा रेडिओकडे पाहत होते.

आलाप आम्हाला जवळजवळ ऐकूच आला नाही. बॅटरीत तेवढा जीव नव्हता. पण तबला सुरू झाला तेव्हा त्याचा वरचा, टणक बोल स्पष्ट आला. जड आवाज हरवले होते, फक्त ते टिपके येत होते, एकामागून एक, न चुकता. चाचा पुढे झुकले. त्यांचा उजवा हात मांडीवर आला आणि बोटं हलू लागली. नुसतं ऐकणाऱ्याची ती बोटं नव्हती. ती तांतीवर पडतात तशीच पडत होती.

"हळू वाजवून राह्यला," ते थोड्या वेळाने म्हणाले. "घरी डब्यावर त धिंगाना करत होता."

"साथीले हळूच वाजवाव लागते, चाचा," पाटील म्हणाले.

"हाव का," चाचा म्हणाले. मग हळूच, "शिकला म्हनजे."

गाणं नुकतं कुठे चढायला लागलं होतं. आवाज आणखी बारीक झाला. आम्ही सगळे इतके पुढे सरकलो की एकमेकांचे गुडघे लागत होते. मग एक खरखर, आणि मग काहीच नाही. गड्याने काटा हलवला, तार चाचपली. पाटलांनी मान हलवली. बॅटरी संपली होती.

मला वाईट वाटलं. आणखी थोडा वेळ, एवढंच तर हवं होतं. मी चाचांकडे पाहायला धजत नव्हतो. पण कोणीच हललं नाही, म्हणून मी पाहिलं.

चाचांची बोटं थांबली नव्हती. बंद रेडिओसमोर ते तसेच झुकून बसले होते आणि मांडीवर तोच ठेका चालू होता, त्याच संथ चालीने.

"संपली बॅटरी, चाचा," गडी म्हणाला.

"बॅटरी संपली," चाचा म्हणाले. "थो वाजवूनच राह्यला ना तिकडं. दुपारी हा म्हने, थांबत नाही म्हून."

हा म्हणजे मी. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली कोण जाणे. गावात अशा गोष्टी पोचतातच.

मग कोणी उठलं नाही. मला वाटतं पंगतीचीच सवय असेल. शेवटच्याचं व्हायचं होतं. पाटील भिंतीला टेकून बसले, बाबांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या आणि चाचांच्या बोटांचा मांडीवरचा आवाज त्यांच्या मधे मधे येत होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने चाचांनी हात उचलला आणि सदऱ्याला पुसला.

"झालं," ते म्हणाले. "आता जेवाले गेला असन."

तेव्हा सगळे उठले. दात नसलेल्या काकांनी जाता जाता विचारलं, "आन् सामन्याचं का झालं बे शेवटी?" ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी घरी येताना बाबांच्या मागे चालत होतो. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले, "आवाज बरा निघाला तुहा आज." सामन्याच्या वेळचा, की मी बंद करा म्हणालो तेव्हाचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या ईदेला चाचांचा मुलगा गावी आला. या खेपेला त्याच्या खांद्याला जड पिशवी होती. चाचांनी अंगणात नवी गादी घातली, ती स्वतः पिंजून भरलेली, आणि पाटलांसकट सगळ्या गावाला बसायला सांगितलं.